डॉक्टर कुप्पुस्वामी यांचा संन्यास

वैद्य आणि संन्यासी या दोघांचे आपल्या धर्मशास्त्रात फारसे सख्य नाही. मनुस्मृती श्राद्धपंक्तीतून ज्यांना वगळते त्यांच्या यादीत चिकित्सक अग्रभागी आहे. त्याच्या घरचे अन्न तर ती पुवासमान लेखते. भिक्षूने ज्योतिष सांगून, शकुन पाहून किंवा अशाच विद्यांचा विक्रय करून भिक्षा मिळवू नये, असेही तिचे बजावणे आहे. या अढीचे मूळ स्मृतींच्याही पलीकडे आहे. तैत्तिरीय संहितेच्या सहाव्या कांडात एक आख्यायिका येते. यज्ञाचे शिर तुटले, ते अश्विनीकुमारांनी सांधून दिले आणि त्याबद्दल सोमपानाचा वाटा मागितला. देवांना काम तर करून घ्यावयाचे होते, परंतु वाटा देताना त्यांना अडचण वाटली. हे दोघे माणसांत वावरतात, रोग्यांना स्पर्श करतात, म्हणून अशुद्ध, असे त्यांचे म्हणणे पडले. शेवटी पवमानस्तोत्राने शुद्ध करून घेऊन त्यांना वाटा मिळाला. आणि त्यांच्यापाशी असलेले औषधसामर्थ्य तीन ठिकाणी वाटून ठेवण्यात आले. एक तृतीयांश अग्नीत, एक तृतीयांश पाण्यात आणि एक तृतीयांश ब्राह्मणात. ज्या श्रुतीने वैद्यकी अशुद्ध ठरविली तिनेच तिची ठेव अशा तीन पवित्र स्थानी नेऊन ठेवावी, हे मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे.

व्यवहारात ब्राह्मणांनी वैद्यकी सोडली नाही, हे सांगावयास नकोच. कोचीनचे डच अधिपती व्हान र्‍हेडे यांनी मलबारातील वनस्पतींचा जो प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, आणि जो १६७८ पासून पुढे अ‍ॅम्स्टरडॅमला बारा खंडांत छापला गेला, त्याला साह्य करणारे रंग भट, विनायक पंडित आणि आपु भट हे आपल्याच कोकणी समाजातले वैद्य होते. गृहस्थाची गोष्ट अशी निभावून गेली. प्रश्न उरतो तो संन्याशाचा. ज्याने अग्नी सोडला त्याने काढा कशावर उकळावा? ज्याने संग्रह सोडला त्याने औषधांच्या बाटल्या कोठे ठेवाव्या? ज्याने देह हा आपला नव्हे असे म्हणून जलांजली दिली, त्याने दुसऱ्याच्या देहाची नाडी पाहत का बसावे?

या प्रश्नाचे उत्तर गेल्या शतकात एका माणसाने आपल्या आयुष्याने दिले. ते पूर्वाश्रमी डॉक्टर होते आणि पुढे ऋषिकेशचे स्वामी शिवानंद सरस्वती म्हणून जगाला ठाऊक झाले. आपल्या श्रीमठाच्या वर्धापनग्रंथात परंपरेबाहेरील संन्याशाविषयी लिहिणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु श्रीमठाच्या दर्शनास येणाऱ्या शिष्यवर्गात आज डॉक्टर आणि परिचारिका थोड्या नाहीत. आणि २०२० च्या महामारीपासून त्यांतील काहींच्या तोंडी एक भाषा वारंवार ऐकू येते. रुग्णालयाचा आता वीट आला, नोकरी सोडून योग, आहार, आयुर्वेद या मार्गाने लोकांचे समग्र स्वास्थ्य पाहावे असे वाटते, अशी ती भाषा आहे. अशांना आशीर्वादाबरोबर थोडा इतिहासही द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

८ सप्टेंबर १८८७ रोजी तिरुनेलवेलीजवळच्या पत्तमडै या गावी कुप्पुस्वामींचा जन्म झाला. सोळाव्या शतकातील थोर अद्वैती अप्पय्य दीक्षित यांच्या कुळात. शंभरावर ग्रंथ ज्यांच्या नावावर सांगितले जातात आणि ज्यांचा ‘कुवलयानंद’ आजही पाठशाळांतून अलंकारशास्त्राचे पहिले पुस्तक म्हणून शिकविला जातो, ते हे दीक्षित. अशा घरातील मुलाने वेदान्ताकडे न वळता वैद्यकाकडे वळावे, आणि तेही तंजावरला जाऊन, हा योग मोठा मौजेचा आहे. तंजावर म्हणजे भोसल्यांची राजधानी. तेथील सरफोजी राजांनी, ज्यांची कारकीर्द १७९८ ते १८३२ ही होती, धन्वंतरी महाल नावाची संस्था चालविली, देशी आणि विलायती दोन्ही पद्धतींची औषधे एका छपराखाली आणली आणि डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी चित्रांसह लिहवून ठेवल्या. कुप्पुस्वामी तेथे शिकावयास गेले तेव्हा त्या महालाला ओहोटी लागून पाऊण शतक लोटले होते. पण दोन वैद्यकांना एकमेकांचे वावडे नाही ही गोष्ट त्या गावाच्या मातीत होती, असे म्हणावयास हरकत नाही.

विद्यार्थिदशा संपते न संपते तोच, १९०९ साली, त्यांनी ‘अँब्रोशिया’ नावाचे आरोग्यविषयक इंग्रजी मासिक काढले. भांडवल आईकडून मिळालेले शंभर रुपये. लेखक बहुतांशी स्वतःच, निरनिराळ्या नावांनी. चार वर्षे ते चालले. रोग झाल्यावर औषध देण्यापेक्षा रोग होऊच नये याची विद्या घराघरांत पोचवावी, ही त्यांची हौस येथूनच दिसते. पुढे संन्याशाच्या वेषात त्यांनी जे शेकडो ग्रंथ लिहिले त्यांचे बीज या मासिकात आहे. भगवी वस्त्रे नंतर आली, लेखणीची खाज आधीची.

१९१३ साली ते मलायात गेले. तेथे सेरेंबानजवळच्या एका रबराच्या मळ्याचे स्वतःचे इस्पितळ होते, त्याचा कारभार त्यांच्याकडे आला. मळ्याच्या गोऱ्या व्यवस्थापकाने विचारले की एकट्याने इस्पितळ सांभाळता येईल का. तेव्हा या तरुणाने, एक काय, तीन सांभाळीन, असे सांगितल्याची आठवण त्यांनी स्वतःच नोंदविली आहे. सुमारे सात वर्षे तेथे आणि पुढची तीन सिंगापूरच्या समोरील जोहोर बाहरू येथील वैद्यकीय कचेरीत, अशी दहा वर्षे त्यांनी त्या देशात काढली.

ही दहा वर्षे जरा निरखून पाहिली पाहिजेत, कारण चरित्रकार येथून घाईने पुढे सरकतात. रबराला त्या काळी सोन्याचे मोल आलेले होते. १९१० च्या सुमारास भाव कडाडले आणि मलायातील जंगले तोडून मळ्यामागून मळे उभे राहिले. त्यांवर राबणारे बहुसंख्य लोक तमिळ मजूर होते, म्हणजे डॉक्टरांच्याच मुलखातले. करारबंद मजुरीची जुनी पद्धत १९१० साली बंद करण्यात आली होती. तिच्या जागी मुकादमाने गावी जाऊन माणसे आणण्याची पद्धत जोरात होती. त्या मळ्यांचा मुख्य शत्रू हिवताप. डॉक्टर माल्कम वॉटसन यांनी त्याच देशात संशोधन करून दाखविले की डोंगरउतारावरचे जंगल तोडले म्हणजे सावलीतले ओढे उघडे पडतात आणि उन्हात वाहणाऱ्या त्या स्वच्छ पाण्यात हिवतापाचा एक विशिष्ट डास वाढतो. अर्थात रबराचे झाड आणि हिवताप ही दोन्ही एकाच कुऱ्हाडीची अपत्ये होती. मजूर थंडीने कुडकुडत इस्पितळात यावयाचा. त्याला कोयनेल द्यावयाचे. ताप उतरला की तो त्याच ओढ्याकाठच्या वस्तीत परत जावयाचा आणि काही आठवड्यांनी पुन्हा खाटेवर दिसावयाचा. १९१८ साली इन्फ्लुएंझाची जगद्व्यापी साथ मलायातही पोचली, तेव्हा डॉक्टर कुप्पुस्वामी तेथेच होते. अशा ठिकाणी दहा वर्षे काढणाऱ्या वैद्याला आपल्या औषधाची मर्यादा कोणी पुस्तकातून शिकवावी लागत नाही.

त्यांचे स्वतःचे चालले होते ते मात्र उत्तम. पैसा मिळे, मान मिळे. उंची कपडे, सोन्याचांदीच्या आणि चंदनाच्या वस्तू यांची त्यांना आवड होती. एका वेळी अनेक अंगठ्या विकत घेऊन बोटांत घालण्याची हौसही त्यांनी मागाहून मोकळेपणाने सांगितली आहे. गरिबांकडून पैसे न घेणे, उलट पथ्यासाठी पदरचे देणे, हेही चालू होते. अशातच एका आजारी साधूची त्यांनी शुश्रूषा केली आणि त्याने जाताना जीवब्रह्मैक्यावरचे एक लहानसे पुस्तक हाती ठेवले. अप्पय्य दीक्षितांच्या वंशजाला हा विषय समुद्रापार एका रुग्णाकडून कळावा, यापुढे काय बोलावे! रोजची कचेरी, खाणेपिणे आणि पगार याहून माणसाला काही थोर कर्तव्य आहे की नाही, हा प्रश्न त्यांना छळू लागला. आणि १९२३ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांनी मलाया सोडला. आपले सामान त्यांनी एका मित्राच्या घरी ठेवले. तो मित्र ते जपून ठेवून वाट पाहत राहिला. १९३९ साली, म्हणजे सोळा वर्षांनी, तिकडून आलेल्या एका शिक्षकाने ऋषिकेशला येऊन निरोप सांगितला की तुमच्या वस्तू अजून जशाच्या तशा आहेत आणि ते गृहस्थ तुमची वाट पाहत आहेत.

हे जाणे कशाचे? आजच्या भाषेत ज्याला ‘बर्नआउट’ म्हणतात त्याचे का? हा शब्द वैद्यकीय अर्थाने रूढ केला तो न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी, १९७४ साली, आणि तोही मोफत दवाखान्यांत सेवाबुद्धीने राबणाऱ्या कार्यकर्त्यांची अवस्था पाहून. जो सर्वांत अधिक तळमळीने कामाला लागतो तोच आधी जळून कोळसा होतो, असे त्यांच्या ध्यानी आले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात या अवस्थेची नोंद केली, परंतु तिला रोग म्हटले नाही. नोकरीच्या ठिकाणी साचत गेलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणाचा तो परिणाम होय, असे तिचे स्थान ठरविले. शक्ती सरणे, कामाविषयी दुरावा किंवा तुच्छता वाटणे आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे, ही तिची तीन लक्षणे सांगितली जातात.

आपल्या परंपरेने या जातीची वैराग्ये फार पूर्वी ओळखली होती आणि त्यांना तिने काहीशी थट्टेची नावेही दिली होती. स्मशानात चितेपुढे उभे असता येते ते स्मशानवैराग्य. प्रसूतिवेदनांत येते ते प्रसववैराग्य. पुराण ऐकताना येते ते पुराणवैराग्य. तिन्ही खरीच असतात, कोणी ढोंग करीत नसतो. पण घटका उलटली की ती ओसरतात. रात्रपाळीच्या अखेरीस येणाऱ्या वैराग्याला आपण याच पंक्तीत बसवावयास हवे. त्याला निजेची, रजेची आणि माणुसकीच्या वेळापत्रकाची गरज असते; दीक्षेची नसते. हे मी हिणवण्यासाठी म्हणत नाही. दमलेल्या माणसाला विरक्त समजणे हा त्या माणसावरही अन्याय आहे आणि संन्यासावरही.

डॉक्टर कुप्पुस्वामींची जात निराळी होती, हे ओळखावयाचे कशावरून? त्यांनी काय सोडले यावरून ते ओळखता येत नाही. पगार, अंगठ्या आणि इस्पितळ हे उबग आलेला माणूसही सोडतो. पुढे रोगी समोर आला तेव्हा ते काय करीत, यावरून ते ओळखता येते. तेव्हा आता त्यांच्या मागोमाग चालले पाहिजे, आणि ती वाट सुदैवाने आपल्या मुलखातून जाते.

काशीला विश्वनाथाचे दर्शन घेऊन ते नाशिक आणि पुणे येथे आले आणि पुण्याहून पायी पंढरपूरच्या वाटेला लागले. वाटेत केडगावच्या बेटावर नारायण महाराजांच्या आश्रमात दोन दिवस राहिले. ते दत्तस्थान आजही प्रसिद्ध आहे. तुकोबांची पालखी यवत, वरवंड करीत जाते त्याच बाजूचा हा रस्ता. वारकऱ्यांची वाट आणि या तमिळ डॉक्टरांची वाट काही कोस तरी एकच असली पाहिजे. त्यानंतर सुमारे चार महिने त्यांनी चंद्रभागेकाठच्या डाळज या गावी काढले. इंदापूर तालुक्यातील भीमेच्या काठचे डाळज ते हेच असावे. पंढरपूरकडे निघालेल्या माणसाला भीमा ही चंद्रभागाच. तेथे एका पोस्टमास्तरांच्या घरी ते राहिले. कालपरवापर्यंत ज्यांच्या हाताखाली इस्पितळ होते ते गृहस्थ तेथे स्वयंपाक करीत, पाणी भरीत, पडेल ते काम करीत. भाषा परकी, गाव परके. डॉक्टर म्हणून त्यांना तेथे कोणी ओळखत नव्हते. एकांत साधनेस योग्य अशी जागा ऋषिकेश होय, हे त्यांना या पोस्टमास्तरांनीच सांगितले. या डाळजच्या मुक्कामाविषयी मराठीत फारसे कोणी लिहिलेले नाही, याची मला खंत वाटते. एका जगप्रसिद्ध संन्याशाच्या संन्यासाची पूर्वतयारी मराठी चुलीपुढे झाली, ही गोष्ट आपण जपून ठेवावयास हवी होती.

८ मे १९२४ रोजी ते ऋषिकेशला पोचले. १ जून १९२४ रोजी गंगातीरी स्वामी विश्वानंद सरस्वतींनी त्यांना संन्यास दिला आणि कैलासाश्रमाचे स्वामी विष्णुदेवानंद यांच्याकडून विरजाहोम झाला. गुरुशिष्यांची ती भेट अगदी थोड्या वेळाची. गुरू काशीला निघून गेले. शिष्य गंगेच्या पैलतीरी स्वर्गाश्रमातील एका कुटीत राहिले. अन्नक्षेत्रातून भाकरी आणावी, गंगेत उभे राहून जप करावा, एकांतात बसावे, असा क्रम सुरू झाला.

आणि रोगी आलेच. बदरी-केदारची यात्रा त्या काळी ऋषिकेशपासून पायी असे. लक्ष्मणझुल्याचा जुना पूल १९२४ च्या ऑक्टोबरात आलेल्या महापुराने वाहून गेला आणि नवा पूल १९३० पर्यंत तयार झाला नाही. त्या अवघ्या काळात तो टापू म्हणजे थांबलेल्या, थकलेल्या आणि हगवण, ताप, जखमा घेऊन बसलेल्या यात्रेकरूंचे ठाणे झाला असला पाहिजे. मलायातील विम्याची रक्कम हाती आली तेव्हा, १९२७ च्या सुमारास, शिवानंदांनी तीतून लक्ष्मणझुल्याला ‘सत्य सेवाश्रम’ नावाचा धर्मार्थ दवाखाना चालविला. येथे थोडे थांबावेसे वाटते. संग्रह न करणे हा संन्याशाचा नियम. पूर्वाश्रमीच्या धनाशी त्याचा संबंध नाही असे शास्त्र. काटेकोर माणूस ती रक्कम नाकारता. शिवानंदांनी ती घेतली आणि तिच्या बाटल्या केल्या. औषधापुरता त्यांचा नियम सैल होता, स्वतःपुरता नव्हता. भाकरी ते क्षेत्रातीलच खात राहिले.

एक आठवण त्यांच्या शिष्यांत नेहमी सांगितली जाते. एका यात्रेकरूला त्यांनी औषध दिले आणि तो बदरीच्या वाटेला लागला. मागाहून शिवानंदांच्या मनात आले की याला दुसरे एक औषध अधिक लागू पडले असते. तेव्हा ते औषध घेऊन पाच मैल त्याच्यामागे धावत गेले. वैराग्याची परीक्षा पाहावयाची तर ती या पाच मैलांत पाहावी. ज्याला रोग्यांचा कंटाळा येऊन घर सोडावे लागले, तो स्वर्गाश्रमातून रोग्याच्या पाठीमागे धावत नाही.

त्या प्रदेशात हा प्रश्न नवा मात्र नव्हता. विवेकानंदांचे शिष्य स्वामी कल्याणानंद यांनी १९०१ साली कनखलला सेवाश्रम सुरू केला होता. पुढे त्यांना येऊन मिळाले स्वामी निश्चयानंद. हे पूर्वाश्रमीचे सूरजराव, मराठी मुलखातले आणि सैन्यातून आलेले. हे दोघे साधूंच्या झोपड्यांतून औषधे घेऊन फिरत, मलमूत्र स्वतः काढीत आणि कनखलहून ऋषिकेशपर्यंत पायी जात. इतर साधू त्यांना ‘भंगी साधू’ म्हणून पंक्तीला घेईनात. अश्विनीकुमारांवर घेतलेला आक्षेप जसाच्या तसा पुन्हा उभा राहिला होता. तीन हजार वर्षांत शब्दसुद्धा फारसे बदलले नव्हते. शेवटी कैलासाश्रमाचे संस्थापक धनराज गिरी यांनी या दोघांना सन्मानाने बोलाविले आणि ती कुजबूज मंदावली. ज्या आश्रमाने वैद्यकी करणाऱ्या संन्याशांना पंक्तीत बसविले, त्याच आश्रमाच्या महंतांनी पुढे एका वैद्याचा विरजाहोम करावा, यातील संगती लक्षात घेण्याजोगी आहे.

शास्त्राच्या बाजूने पाहता मला असे वाटते की आक्षेपाचे उत्तर संन्यासविधीतच आहे. संन्यास घेताना मनुष्य सर्व भूतांना अभय देतो. ‘माझ्यापासून कोणास भय नाही’ एवढाच त्याचा अर्थ घेतला तर तो एक निषेध राहतो. परंतु मरणाच्या भयाने जो समोर थरथरत आहे त्याचे भय घालविण्याची विद्या जवळ असता गप्प राहणाऱ्याने अभय दिले असे कसे म्हणावे? चरकानेही चिकित्सास्थानात नेमकी हीच रेघ ओढली आहे. जो द्रव्यासाठी किंवा कामनेसाठी नव्हे, तर भूतदयेने चिकित्सा करतो तो सर्वांच्या वर. आणि जो चिकित्सेचा बाजार मांडतो तो सोन्याची रास सोडून धुळीची रास पदरी घेतो, असा त्याचा आशय आहे. मनूचा कटाक्ष आणि चरकाचा कटाक्ष यांत मला विरोध दिसत नाही. दोघांचाही राग विक्रयावर आहे.

१९३४ साली शिवानंद गंगेच्या अलीकडच्या तीरावर मुनी-की-रेती येथे एका पडक्या जागेत राहावयास आले. खोल्या मोजक्या, त्यांतली एक दवाखान्याला दिली. १९३६ साली दिव्य जीवन संघाची स्थापना झाली, १९३८ पासून मासिक निघू लागले, १९४५ साली आयुर्वेदीय औषधशाळा सुरू झाली आणि १९४८ साली योग-वेदान्त आरण्य विद्यापीठ. दवाखान्याचे पुढे रुग्णालय झाले, नेत्रचिकित्सेची शिबिरे भरू लागली. १९५० च्या भारतयात्रेत ते हैदराबाद, पुणे, मुंबई, बडोदे येथे येऊन गेले. ज्या पुण्यातून एके काळी अनोळखी पांथस्थ म्हणून पायी निघाले होते, तेथेच आता सभा भरत होत्या.

या सर्व कार्यात आसन-प्राणायाम, मिताहार, नामसंकीर्तन, देशी औषधे आणि विलायती औषधे ही एकाच आश्रमात नांदत होती, आणि कोणी कोणाला हाकलून दिले नव्हते. सुश्रुताने स्वस्थ कोणाला म्हणावे हे सांगताना दोष, अग्नी, धातू आणि मल यांची समता तर सांगितलीच, शिवाय आत्मा, इंद्रिये आणि मन यांची प्रसन्नता जोडली. ‘स्वस्थ’ म्हणजे जो स्वतःच्या ठायी स्थिर आहे तो. हा शब्द वैद्याचाही आहे आणि वेदान्त्याचाही. आज ‘समग्र आरोग्य’ या नावाने जो व्यवसाय दुकानोदुकानी चालतो, त्याला हा अर्थ पेलण्याजोगा नाही. सुश्रुताच्या व्याख्येचा पूर्वार्ध गाळून नुसती प्रसन्नता विकावयाची, असे त्याचे स्वरूप पुष्कळदा दिसते. शिवानंदांनी पूर्वार्ध कधी गाळला नाही. हिवतापाच्या रोग्याला ते जप सांगत असतील, पण कोयनेल देऊन.

म्हणून त्यांचे सर्व काही स्वीकारावे असे मी म्हणणार नाही. त्यांच्या ग्रंथांतील आसनांच्या आणि ब्रह्मचर्याच्या फलश्रुती वाचताना डॉक्टर मागे पडून पुराणिक पुढे आल्यासारखा वाटतो. अमुक आसनाने अमुक रोग समूळ जातो अशी विधाने आजच्या वैद्यकाच्या कसोटीला उतरणारी नाहीत. त्यांना स्वतःला मधुमेहाने गाठले होते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. दीक्षा देण्यातील त्यांचे औदार्यही परंपरेच्या मठांना मानवणारे नव्हते, आणि मलाही ते सर्वांशी पटत नाही; ज्या हातांनी औषध वाटावे त्याच सढळ हातांनी भगवी वस्त्रे वाटू नयेत. परंतु त्या सढळपणातूनच १९४९ च्या महाशिवरात्रीला स्वामी चिन्मयानंद निघाले, मुंगेरला योगविद्यालय स्थापणारे सत्यानंद निघाले आणि १९५७ साली पश्चिमेकडे गेलेले विष्णुदेवानंद निघाले, हेही नाकारता येत नाही. आज परदेशांत योगशिक्षण घेणाऱ्यांपैकी कित्येकांची परंपरा चाळून पाहिली तर ती मुनी-की-रेतीच्या त्या पडक्या खोल्यांपाशी येऊन थांबते.

१९४३ साली मंगळूरचा श्रीधर राव नावाचा एक तरुण तेथे आला. मद्रासच्या लॉयोला महाविद्यालयाचा पदवीधर, श्रीमंत घरचा, प्रकृतीने नाजूक. शिवानंदांनी त्याच्याकडे दवाखान्याचे काम सोपविले. त्याने वैद्यकाचे शिक्षण घेतलेले नव्हते, तरी रोगी त्याला डॉक्टर म्हणू लागले. आश्रमाच्या परिसरातील कुष्ठरोग्यांच्या जखमा तो धूत असे. रस्त्याच्या कडेला पडलेल्या एका कुष्ठरोग्यासाठी त्याने स्वतःच्या कुटीशेजारी झोपडी घातली. १० जुलै १९४९ रोजी त्याचा संन्यास झाला आणि चिदानंद हे नाव मिळाले. १४ जुलै १९६३ रोजी शिवानंदांनी देह ठेवला, तेव्हा संघाचे अध्यक्षपद याच चिदानंदांकडे आले आणि २००८ साली त्यांचे निर्वाण होईपर्यंत ते त्यांच्याकडेच राहिले. टिहरी-गढवालमधील कुष्ठरोग्यांच्या वसाहतींची जबाबदारीही त्यांनी अखेरपर्यंत वाहिली.